शेवटच्या डब्याची धग

कपाचं झाकण नाकाशी नेलं आणि सोकचीने वास ओळखला. हा तर आपल्याच घरचा चहा!

समोर लायहो बसला होता, हात मांडीवर ठेवून, चेहरा असा भोळा की देवळातल्या पुजाऱ्यालाही कीव यावी. शेजारी यॉरिस, बेल्जियमचा चहाचा व्यापारी. चीनमधल्या या फेंगहुआंगच्या डोंगरावर सोकचीने वास घेतल्याशिवाय तो एक पुडकंही उचलत नसे. आजचा नमुना लायहोने आणला होता, "माझ्या बागेतल्या म्हाताऱ्या झाडांचा" म्हणून.

सोकचीने त्याच पानांवर दुसरं पाणी ओतलं, मग तिसरं. ओळख पुसायला लायहोने पानं पुन्हा भाजून वरून आणखी एक धग दिली होती. पण तिसऱ्या पाण्याला सोनटक्क्याचा तो गंध आलाच. तसा गंध डोंगरावर फक्त तिच्या बापाच्या झाडांना होता. गेल्या महिन्यात लायहोची मेहुणी लग्नातल्या आहेरासाठी म्हणून तिच्याकडून एक पुडा घेऊन गेली होती. हा असला आहेर!

लायहो तिच्या बापाच्या हाताखाली चहा भाजायला शिकला, त्यांच्याच घरी जेवला, आणि पंख फुटल्यावर परदेशी गिऱ्हाइकांच्या कानात सांगून आला, की कुआ म्हातारा खालच्या बागांचा पाला मिसळतो. गिऱ्हाइकं त्याच्याकडे वळली. पुढे नवीन वर्षाला, पूर्वजांच्या देवळात, म्हाताऱ्याने ओतलेल्या कपाला कुणी हात लावला नाही. बाप त्या बदनामीतच गेला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी दरड कोसळली आणि त्याची झाडंही मुळासकट दरीत गेली. आता त्या झाडांचा म्हणून एकच मोठा डबा घरात उरला होता.

"ताई, चांगला? वाईट?" यॉरिसने त्याच्या मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं.

"हा आमच्या घरून चोरलाय," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण एवढ्यावर सोकचीचं समाधान होणार नव्हतं. लायहोने ते स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं, गावासमोर.

"असा चहा मी किती वर्षांत प्यायले नाही," ती म्हणाली. "डोळे झाकून विकत घे."

लायहो गालातल्या गालात हसला.

"फक्त माल याच नमुन्यासारखा हवा. तू वुयीची खरेदी आटपून परत येशील ना, तेव्हा देवळाच्या अंगणात त्याच्या मालाचा डबा फोडू. सगळ्यांसमोर मी चाखीन. जुळला नाही, तर लायहोकडून पुन्हा काडीभरही चहा घ्यायचा नाही. कबूल?"

"कबूल, कबूल!" यॉरिसने खुशीत मान डोलावली. लायहोच्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात हजर.

"ताई, आपण घरचीच माणसं. तुझ्याकडचा डबा दे. म्हणशील ती किंमत."

"किंमत एकच. माझ्या बापाबद्दल खोटं बोललास, ते अंगणात उभं राहून सांग."

"जुनी मढी कशाला उकरतेस? म्हातारा गेला. त्याला आता काय फरक पडणार?"

"मला पडतो. चालता हो."

तो उंबऱ्यापाशी थांबला. "तू नाही दिलास तर तुझ्या भावाचा मुलगा देईल. त्याला घर बांधायचंय. डब्यात त्याचाही वाटा आहे, विसरलीस?"

विसरली नव्हती. भाचा लोभी होता, आणि डब्याची जागा त्याला पाठ होती. लायहो गेल्यावर सोकची बराच वेळ ओट्यावर बसून राहिली. बापाचं नाव मातीत घालणारा माणूस उद्या त्याच बापाच्या चहावर मिशीला पीळ देऊन उभा राहणार? मग ती उठली आणि भाजायच्या खोलीतला खड्डा पेटवला.

बाप निखाऱ्यांवर राखेचा जाड थर पसरत असे, म्हणजे धग हळू लागते. तिने राख उपसून बाजूला टाकली. लालबुंद निखाऱ्यांवर बांबूची टोपली ठेवली आणि डबा तीत रिता केला. पानं आधी दरवळली, असा दरवळ की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. मग तडतडली, मग धुमसली. सोकचीने टोपली हलवली नाही. तिला आनंद होत होता, अगदी मनापासून. घे म्हणावं आता, कुठून आणतोस ते बघते.

आठ दिवसांनी यॉरिस परतला. अंगणात गाव जमलं. लायहो रिकाम्या हातांनी आला. भाच्याने त्याला डबा रिकामा असल्याचं सांगितलं असणार. सोकचीला वाटलं, आता बहाणे ऐकायचे. पण लायहो मधोमध येऊन गुडघ्यांवर बसला.

"नमुना कुआ मास्तरांच्या झाडांचा होता," तो म्हणाला. "त्यांनी कधी मिसळ केली नाही. मी खोटं बोललो. मला गिऱ्हाइकं हवी होती."

कोपऱ्यातला एक म्हातारा रडू लागला. यॉरिसला अर्थ उमगायला वेळ लागला. उमगला तसा तो सोकचीकडे वळला.

"मग ताई, तुझा चहा दे. आमच्या दुकानात पुड्यावर तुझ्या वडिलांचं नाव. मोठं. सगळे वाचतील."

हेच तर तिला हवं होतं. ती घरी गेली, टोपली घेऊन आली आणि यॉरिसच्या पुढ्यात ठेवली. त्याने चिमूटभर उचलून वास घेतला आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं. लायहोला मात्र वास लांबूनच कळला.

"ताई, काय केलंस हे? मास्तरांचा शेवटचा... मी बोललो ना आता!"

"आठ दिवस आधी बोलायचं होतंस," ती म्हणाली.

तिने पाणी उकळवलं. ती काळी पानं कपात घातली, चहा गाळला आणि लायहोपुढे सरकवला.

"पी."

त्याने एक घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं आणि कप खाली ठेवू लागला.

"सगळा," सोकची म्हणाली, आणि दुसरा कप तिने स्वतःच्या तोंडाला लावला.