रिकामी ठेवलेली खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. ओकच्या लाकडाची, स्वयंपाकघरातली साधी खुर्ची. इतकी वर्षं गप्प बसले, पण आता माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका.

ओहायोत नदीकाठी हॅडन फेरी नावाचं गाव आहे. तिथल्या खुर्च्यांच्या कारखान्यात रॉइस टॅकेट कामाला होता. कारखान्यानं बाद केलेले तुकडे त्यानं मागून घेतले, घरामागच्या शेडमध्ये बसून मला जोडलं आणि आईच्या जेवणाच्या टेबलाशी आणून ठेवलं. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. कामावरून आला की धपकन बसायचा, राजमा आणि मक्याचा पाव येईपर्यंत मला मागच्या दोन पायांवर झुलवायचा. त्याची आई व्हर्ना शेगडीजवळून ओरडायची, "मोडशील रे ती. स्वतः केलीस म्हणून काय वाट्टेल ते करशील?"

मग व्हिएतनामचं बोलावणं आलं. रॉइस आणि त्याचा शाळेतला दोस्त क्लेटन बर्डेट एकाच तुकडीत गेले. क्लेटन परत आला, खांद्यावर गोळीची खूण आणि छातीवर पदक घेऊन. रॉइस आला नाही. मेला असंही कुणी कळवलं नाही. कागदावर 'बेपत्ता' एवढंच होतं.

गावात माजी सैनिकांचा हॉल आहे. तिथे बेपत्ता जवानासाठी एक टेबल मांडायची रीत आहे. पांढरं कापड, ताटलीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, एक गुलाब आणि एक रिकामी खुर्ची. त्या खुर्चीवर कुणीही बसायचं नाही. व्हर्नानं मला ॲप्रनच्या टोकानं पुसलं आणि हॉलवाल्यांच्या हवाली केलं. "ठेवायचीच आहे तर त्याचीच ठेवा," म्हणाली.

टेबल मांडलं त्या दुपारी क्लेटननं माझी पाठ धरली. त्याचा तळवा घामानं ओला होता. तो ढसाढसा रडला. त्या दिवशी तो माणूस खरा होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. म्हणूनच त्याचा जास्त संताप येतो.

पुढच्या वर्षी लोकांनी त्याला नगराध्यक्षपदाला उभं केलं. भाषण करायला उठला तर शब्द फुटेना. शेवटी माझ्या पाठीवर हात ठेवून "रॉइससाठी" एवढंच म्हणाला आणि अख्खा हॉल उभा राहिला. निवडून आला. आणि तिथेच त्याला कळलं की माझ्या पाठीवर हात ठेवला की काम होतं.

विधानसभेच्या वेळी त्याचा हात कोरडा होता. वॉशिंग्टनला खासदार म्हणून निघाला तेव्हा फोटोवाला त्याला सांगत होता, "साहेब, हात जरा खाली घ्या, पदक झाकलं जातंय." त्यानं घेतला. पत्रकांवर माझं चित्र छापलं, गावातल्या प्रत्येक खांबावर मी लटकले. मला कुणी विचारलं होतं का? रॉइसला तर विचारायची सोयच नव्हती.

हॉलची देखभाल एलवूड स्पेन्स करायचा. तोही त्याच लढाईतून आलेला, पण पदक वगैरे काही नाही, नुसती बिघडलेली मूत्रपिंडं. दर शुक्रवारी माझी धूळ झटकायचा, लिंबू बदलायचा आणि माझ्याशी रॉइस समजून बोलायचा. "काय दोस्ता, आजचं लिंबू बघ. दुकानदार म्हणतो ताजं आहे. तुला फसवतात तसे मलाही फसवतात." आठवड्यातून तीनदा तो पुलापलीकडच्या सैनिकांच्या दवाखान्यात रक्त शुद्ध करून घ्यायला जायचा. त्या यंत्रावर त्याचा जीव टिकून होता.

सरकारनं तो दवाखाना बंद करायचं काढलं. व्हर्ना त्या वेळी पंचाहत्तरीला आलेली. क्लेटन वसंतात गावात आला तेव्हा तिनं त्याला हॉलमध्येच गाठलं. "क्लेटन, हा एलवूड. दवाखाना गेला तर याचं काय?" क्लेटननं सवयीनं माझ्यावर हात ठेवला. "व्हर्नाबाई, तुमच्या रॉइसची शपथ. मी असेपर्यंत दवाखान्याला कुणी हात लावणार नाही."

आणि महिन्याभरात त्यानं बंद करण्याच्या बाजूनं मत दिलं. एलवूडनं माझ्याशेजारी उभं राहूनच पेपर वाचला. "म्हणतोय, नव्वद मैलांवर मोठं हॉस्पिटल आहेच की," तो म्हणाला. "आहे ना. नव्वद मैल जायचे नि नव्वद यायचे, आठवड्यातून तीनदा. उरलेल्या वेळात मरायला मोकळा." त्यानं पेपर घडी करून कचऱ्यात टाकला आणि लिंबू बदललं.

मे महिन्यातला शहीद सैनिकांचा स्मृतिदिन आला. क्लेटन यायचा म्हणून हॉल खच्चून भरला. शहरातून त्याचे पाहुणे आले होते, निवडणुकीला पैसा पुरवणारे. सगळ्या खुर्च्या त्यांनी अडवल्या. ज्यांच्या नावाचा हॉल ते म्हातारे सैनिक भिंतीला टेकून उभे. एलवूडच्या हातात झेंडा होता. आदल्याच दिवशी यंत्रावरून उठलेला, चेहरा पांढराफटक. क्लेटनचं भाषण लांबत चाललं आणि झेंड्याची काठी डुलायला लागली. सगळ्यांना दिसत होतं. हॉलमध्ये एक खुर्ची रिकामी होती, आणि ती मी. पण रीत म्हणजे रीत. पंचवीस वर्षं जिला कणभर धूळ लागू दिली नाही, तिच्यावर एका आजारी माणसाला कोण बसू देणार? माझा जीव तळतळत होता.

तेवढ्यात व्हर्ना उठली. टेबलापाशी आली, माझी पाठ धरली आणि मला फरफटत बाहेर ओढलं. पालथा ग्लास गडगडत खाली पडला. क्लेटन थांबला.

"एलवूड, बस," ती म्हणाली.

"व्हर्नाबाई, ही रॉइसची आहे."

"ती कुणाची आहे ते मला नको शिकवू. रॉइसनं तुला असं ताटकळत उभं ठेवलं असतं? दे तो झेंडा इकडे आणि बस."

एलवूड बसला. रॉइसनंतर पहिल्यांदा माझ्यावर माणसाचं वजन आलं. माझे सांधे करकरले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

व्हर्ना झेंडा धरून त्याच्याशेजारी उभी राहिली. "हं, क्लेटन. आता बोल. पण याच्याकडे बघून बोल."

क्लेटनचा हात सवयीनं पुढे आला, पण माझ्या पाठीला आता एलवूडची पाठ टेकलेली होती. हात कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. "व्हर्नाबाई, आकड्यांचा प्रश्न असतो. तुम्हाला सगळं ठाऊक नसतं," तो हळूच म्हणाला.

"रॉइसची शपथ घेतलीस तेव्हा ठाऊक होतं का तुला?"

क्लेटननं कागद गोळा केले, पाहुण्यांना खुणावलं आणि मागच्या दारानं गेला.

इथे गोष्ट संपली असती तर मी बोललेच नसते. जुलैत दवाखान्याला कुलूप लागलं. नोव्हेंबरात क्लेटन पुन्हा निवडून आला, आमच्या गावात हरला पण बाकी मतदारसंघानं तारला. हॉलवाले पाळीपाळीनं एलवूडला नव्वद मैल नेत राहिले. मार्चमध्ये एका सकाळी, अर्ध्या वाटेत, गाडीतच तो गेला.

अंत्यविधीला वॉशिंग्टनहून मोठं पुष्पचक्र आलं. रिबिनीवर क्लेटनचं नाव. आणि काल हॉलवाल्यांची बैठक झाली. भली माणसं आहेत ती, डोळे पुसत पुसत बोलत होती. त्यांनी ठरवलंय की मला पुन्हा पांढऱ्या कापडाशी लावायचं, रॉइसबरोबर एलवूडच्याही नावानं. लिंबू, मीठ, ग्लास, सगळं. माझ्यावर परत कुणी बसायचं नाही.

व्हर्ना त्या बैठकीत नव्हती, ती अंथरुणावर आहे. म्हणून मीच सांगते. नका ठेवू मला रिकामी. एलवूड बेपत्ता नव्हता. तो पंचवीस वर्षं तुमच्यासमोर याच हॉलमध्ये झाडू मारत होता, आणि त्याला काय हवं होतं ते प्रत्येकाला माहीत होतं. आता त्याच्यासाठी गुलाब कसले मांडता? दारापाशी तुमच्यातलाच एक जुना सैनिक, फ्रँक, उभा आहे, त्याचा गुडघा गेलाय. त्याला आत बोलवा आणि माझ्यावर बसवा.