डाव्या कोपऱ्यातली लंगडी

पहाट फुटली आणि केनियातल्या मसाई माराचं अथांग, तृणमय माळरान सोन्यानं न्हालं. सोनं गवतावर, सोनं धुक्यावर, सोनं रानरेड्यांच्या ओल्या काळ्या पाठींवर. अहाहा, काय ती प्रभा!

सहलीच्या उघड्या जीपमध्ये हौसाताई मात्र गुडघा चोळत बसल्या होत्या. एके काळी कबड्डीच्या मैदानात डावा कोपरा म्हणजे हौसाच! चढाईला आलेलीचा घोटा तिच्या मुठीत गेला की सुटत नसे. पण गुडघ्यानं दगा दिला. गावातल्या पोरी शिकवा म्हणून मागे लागल्या होत्या, तर यांनी हात झटकले. पायच गेला, आता कसली कबड्डी!

शेजारी सगुणाताई, त्याच संघाचा जुना उजवा कोपरा, एकदम कुजबुजल्या, "हौसे, ते बघ!"

गवतात सिंहिणी पांगत होत्या. मंदगती, मौनव्रती, पीतवर्णा. दोघी मध्ये दबून बसल्या, एक उजवीकडून वळसा घेत निघाली, आणि डावीकडे, सगळ्यांत शेवटी, एक म्हातारी लंगडत निघाली.

"अगं बाई, या तर साखळी लावतायत!" हौसाताई ताठ झाल्या. "पण डाव्या कोपऱ्यात लंगडी? सुटला गं रेडा!"

चालक लेमायान मोडक्या हिंदीत म्हणाला, ती जागा तिचीच. तिथे दुसरं कुणी जातच नाही.

उजवीकडची उठली. कळप उधळला, धूळ उसळली, धरित्री दणाणली. एक अजस्र, वज्रशृंगी रेडा कळपातून फुटला आणि थेट लंगडीच्या दिशेनं सुटला. हौसाताई पुढे झुकल्या. तिला धावता कसं येणार?

ती धावलीच नाही. थांबली, थांबली, आणि रेडा अंगावर येताच गवतातून नुसती उभी राहिली! रेडा बिचकला, वळला, मधल्या दोघींच्या पुढ्यात गेला. एकीनं पाठ धरली, एकीनं तोंड. आणि मागून खुरडत आलेल्या लंगडीनं त्याच्या मागच्या पायाला मिठी घातली. डोंगराएवढा रेडा आडवा झाला.

"घोटाच धरला की भवानीनं!" हौसाताई ओरडल्या. सगुणाताईंनी चटकन त्यांच्या तोंडावर हात ठेवला. त्या हातावर टपटप पाणी पडलं. हौसाताई रडत होत्या, आणि हसतही होत्या.

"सगुणे, पोरींना कळव. कोपरा मी शिकवणार."

"आणि गुडघा गं?"

"त्याला बांधू की पट्टा!"

धूळ हळूहळू निवली. गवताआडून पिल्लं निघाली, सोन्यातून सोनं, दुडूदुडू जेवायला. आणि जीपमध्ये हौसाताईंनी मांडीवर थाप मारली, मैदानात उतरताना मारायच्या तशी, खणखणीत. दूर त्या लंगडीचे कान हलले.