न हललेल्या पोरी

"मी आता जे सांगतो ना, ते तुम्ही मानणार नाही," रुपराव मास्तर म्हणाले. "मानू नका. मी तिथं नसतो, त मी पन मानलं नसतं."

रामदासपेठेतल्या त्या लहानशा मैदानावर सकाळची कवायत नुकतीच संपली होती. नऊ म्हातारी माणसं आणि एक नर्सबाई चिंचेखालच्या कट्ट्यावर घाम पुसत बसली होती. मास्तर तेवढे उभे. वय एकोणसत्तर, अंगात खाकी हाफपँट, आणि पोटऱ्या अशा की त्यांवर नारळ फोडावा. आज मात्र त्या पोटऱ्या रागानं थरथरत होत्या. कारण समोरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, 'सोमवारपासून व्यायामवर्ग प्रशिक्षित मार्गदर्शक घेतील. कॅसेटवर संगीताची सोय.' खाली सही महादेवरावांची. महादेवराव मैदान समितीचे सचिव. आणि गेली नऊ वर्षं दुसऱ्या रांगेत उभं राहून मास्तरांच्याच शिट्टीवर हात वर करणारे. आता ते मास्तर सोडून मैदानातल्या प्रत्येक वस्तूकडे बघत होते.

"तुमच्याबद्दल काही नाही गा, मास्तर," ते गवताला म्हणाले. "पन तुमच्यापाशी सर्टिफिकेट नाही. उद्या कोनाची कंबर धरली, त जवाबदार कोन?"

"कंबर," मास्तर म्हणाले. "नऊ वर्षांआधी तुमच्या पायातले मोजे तुमची बायको चढवत होती, महादेवराव. तेव्हा कोनाचं सर्टिफिकेट पाहिलं होतं तुम्ही?"

कट्ट्यावर हसू फुटलं. भैयाजी सगळ्यांत मोठ्यानं हसले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांची गाठोडी ठोकून बघायची सवय, ती गोष्टींच्या बाबतीतही सुटली नव्हती.

"सांग गा, मास्तर. त्या शाळेची गोष्ट सांग. किती पोरी होत्या म्हने?"

"सहाशे."

"मागच्या दिवाळीत चारशे होत्या."

"त्या फक्त पुढच्या रांगांतल्या," मास्तर म्हणाले, आणि सुरू झाले.

गोष्ट अडुसष्ट सालची. मास्तर तेव्हा मुलींच्या एका शाळेत कवायत शिकवत. मौद्याकडच्या खेड्यातून आलेला, आखाड्याच्या मातीत वाढलेला गडी; कागद एक नाही, पण अंग कसं चालतं हे त्यांना ठाऊक होतं. इतर शाळांत गोऱ्या साहेबांच्या जमान्यातली डंबेल्सची कवायत चालायची. मास्तरांनी ती बंद केली आणि गावातल्या बायांची कामं उचलली. धानाची रोवणी, विहिरीचा रहाट, आणि शेवटी पाखडणी: दोन्ही हातांत जणू सूप धरलंय असं धरायचं, छातीपर्यंत उचलायचं, मनगटानं झटका द्यायचा, खांदे मागं. चार ठोक्यांवर. पहिल्या दिवशी पोरी फिदीफिदी हसल्या. "गुरुजी, घरी हेच करतो, आन् शाळेत पन हेच?" मास्तर म्हणाले, "घरी वाकून मोडता. इथं वाकून सरळ व्हायचं." महिन्याभरात हसणं बंद झालं. पोरींच्या आया कुंपणाबाहेर उभ्या राहून आत आपलंच काम बघत आणि पदर तोंडाला लावत.

मग संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला. मंत्री येणार होते. मास्तरांनी सहा महिने तयारी करून घेतली. मैदानावर चुन्याची प्रत्येक खूण स्वतः मारली. पाऊस आला, पुन्हा मारली. आणि आदल्या दिवशी संस्थेच्या सेक्रेटरींनी त्यांना ऑफिसात बोलावलं.

"बसा म्हनलं नाही," मास्तर आता सांगत होते, आणि सोळा वर्षांनीही त्यांचे कान लाल झाले होते. "उभ्या उभ्या सांगते मले, रुपराव, उद्या चौथऱ्यावर आमचे जावई राहतीन. ते पुन्याहून कोर्स करून आले. मी म्हनलं, साहेब, कवायत माही आहे. त म्हनते, कवायत काय कोनाची राहते काय? आन् तुमचं हे बोलनं, हे राहनं. मंत्र्यापुढं शोभलं पाहिजे. आन् छापलेला कागद पुढं केला. त्याच्यावर काय, 'संकल्पना व दिग्दर्शन', आन् जावयाचं नाव. पाखडणीचं नाव काय ठेवलं होतं मालूम आहे? 'स्कंधविकास'. माह्या मायनं जलमभर सूप पाखडलं, तिले मेलीले मालूम नाही पडलं का ते स्कंधविकास करून राहिली होती."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण मास्तरांच्या तोंडाकडे बघून हसू आलं नाही.

"मंग?" भैयाजी हळूच म्हणाले.

"मंग दुसरा दिवस. मंडप भरला. मंत्र्याच्या गळ्यात झेंडूचा हार. जावई चौथऱ्यावर चढला, पांढरे बूट, पांढरी पँट, जसा दुधात बुडवून काढला. त्यानं शिट्टी फुंकली." मास्तर थांबले. त्यांना थांबता येत होतं. चाळीस वर्षं लोकांना 'विश्राम' सांगितलेला माणूस. "एक पोरगी नाही हलली."

"एक पन नाही?"

"सहाशेपैकी एक नाही. पुन्हा फुंकली. नाही. गाल फुगले, डोळे बाहेर आले. एकीच्या नाकावर माशी बसली, बसून कंटाळली, उडून गेली. तिनं पापनी नाही हलवली. मंत्र्याचा झेंडू सुकला. मंडपातलं लहान लेकरू रडत होतं, तेही चूप झालं."

"आन् तू कुठं होता?"

"फाटकापाशी. मंडपाकडं पाठ करून, हाताची घडी घालून. एक डाव वळून नाही पाहिलं."

"मंग माशी कशी दिसली गा तुले?"

"भैयाजी, ज्यानं पोरी घडवल्या ना, त्याच्या पाठीले दिसते." मास्तरांनी आता भैयाजींना सोडलं आणि महादेवरावांसमोर येऊन उभे राहिले. आवाज खाली आला. "तेरा-चौदा वर्षांच्या पोरी होत्या त्या. मायबाप मारतीन, शाळेतून काढतीन, हे सारं समजत होतं त्यायले. तरी नाही हलल्या. तुम्ही नऊ मानसं आहे. पेन्शनी खाऊन राहिले. तुमाले कोनी शाळेतून काढनार नाही. सोमवारी तो कॅसेटवाला शिट्टी वाजवन, तुम्ही फक्त उभे राहा. माह्यासाठी बोलू नका, भांडू नका. हलू नका, एवढंच मांगतो."

महादेवरावांनी आपल्या मोज्यांकडे बघितलं. मास्तरांना घाम फुटला होता. कवायतीत फुटला नव्हता तेवढा. हे मैदान गेलं की त्यांना सकाळ उरणार नव्हती. पाचला उठायचं कशासाठी आणि अंगात हाफपँट चढवायची कुणासाठी, हे त्यांना आदल्या दिवसापासून सुचत नव्हतं.

"एवढ्याशा पोरी," महादेवराव अखेर म्हणाले. "आन् आम्ही..." ते गुडघ्यावर हात न टेकता उठले. खांद्यावरचा ओला पंचा घेऊन फळ्यापाशी गेले. "समितीत मी पाहून घेतो. सर्टिफिकेटचं काय ते. पोरी नाही हलल्या, त आम्ही काहून हलाव?"

त्यांनी पंचा फळ्याला लावला. 'सोमवारपासून' पुसलं गेलं.

"गुरुजी, आम्ही हललो होतो."

आवाज कट्ट्याच्या टोकाकडून आला. ती नर्सबाई होती. जवळच्या दवाखान्यात पेशंट उचलून उचलून कंबर गेली म्हणून तीन आठवड्यांपासून येत होती. यायची, कोपऱ्यात उभी राहायची, निघून जायची. मास्तर तिला 'सिस्टर' म्हणत.

"तू कोन वं?" मास्तर म्हणाले.

"वच्छला मेश्राम. आठवी ब, तिसरी रांग." ती उभी राहिली होती, शाळेत उभं राहतात तशी. "तीन हप्ते झाले, सांगाव सांगाव म्हनते, पन तोंड नाही होत. आज तुम्ही असं सांगितलं, आन् मले बसवलं नाही. आम्ही पहिल्याच शिट्टीले हललो, गुरुजी. सगळ्या. एक पोरगी थांबली नाही. तुम्हीच शिकवलं होतं, शिट्टी ऐका, वाजवनाऱ्याचं तोंड पाहू नका. मले वाटलं होतं, कोनीतरी थांबन. मंग वाटलं, मीच थांबाव. पन हात उठून गेले."

महादेवरावांचा पंचा फळ्यावरच थांबला. दर वेळी मास्तरांना खोटं पकडणाऱ्या भैयाजींनी मान दुसरीकडे वळवली.

"तुले काय दिसन तिथून," मास्तर म्हणाले. "मी फाटकापाशी—"

"फाटकापाशीच होते तुम्ही. मी तुमच्याकडंच पाहून राहिली होती. पाठ नव्हती केली, गुरुजी. घडी पन नव्हती. आमच्यासंगं, ठोक्याले ठोका, तुम्ही रिकाम्या हातानं सूप पाखडून राहिले होते."