पाच तलावांचा नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पाठीला कापड लावलेला, घड्यांवर विरलेला आणि अजूनही रागावलेला.

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्यावर पाच तलाव, दोन नद्या आणि रस्ते एवढंच होतं. बाकीचं लिहिलं ते एका नर्सताईंनी. नऊ दिवसांची सायकल सहल आखायची होती. तीन वर्षं, ड्युटीवरून आल्या की त्या मला जेवणाच्या टेबलावर पसरायच्या. कुठला चढ दम काढतो, पंक्चर काढणारा कुठे बसतो, नदीकाठी सावली कुठवर आहे, सारं त्यांनी फोन करकरून विचारलं आणि माझ्यावर पेन्सिलीने टिपलं. माझ्यावर चहाचा कप ठेवायची कुणाची टाप नव्हती!

निघायला आठवडा उरला आणि त्यांचा धाकटा भाऊ बायकोसह आला. तिघांनी मिळून जायचं होतं. त्याने मोबाईलवर माझा फोटो काढला, माझ्यावरच हेल्मेट आदळलं आणि म्हणाला, "ताई, झकास आखलंयस. आता असं कर, तू सामान घेऊन गाडीतून ये. अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल तुला झेपायची नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण ओरडणार कुठल्या तोंडाने?

"कुणी सांगितलं तुला?" ताईंनी विचारलं.

"सांगायला कशाला हवं? दिसतंय की."

"वॉर्डात बारा-बारा तास उभी असते, ते नाही रे दिसत कुणाला." ताई माझी घडी घालू लागल्या. घडी उलटी पडली.

"ताई, राहू द्या तो उघडाच," वहिनी म्हणाली. "पहिल्या दिवशी किती वाजता निघायचं ते दाखवा. आपण दोघी सायकलवर. गाडी हे आणतील."

"मी?" भाऊ उडालाच.

"मग? सामान झेपेल की तुम्हाला."

नऊ दिवस मी ताईंच्या हँडलवरच्या पिशवीत होतो. दोन चढांवर त्यांनी सायकल ढकलत नेली, पण गाडीत बसल्या नाहीत. पाचव्या तलावात दोघींनी पाय सोडले, तेव्हा भाऊ बॅगा उतरवून जवळ आला. "ताई, चुकलं माझं."

ताईंनी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

मित्रांनो, आम्हा नकाशांना पाण्यापासून जपा, घड्या नीट घाला, हे तर मी सांगेनच. पण ज्याने खपून वाट आखली, त्याला वाटेवरून उठवू नका. निदान आधी विचारा तरी! भावाने विचारलं नव्हतं. म्हणून मी त्याला अजून माफ केलेलं नाही.