आईला विचारून

तिचा धंदाच चेहऱ्यांचा. नाक्यावरच्या स्टुडिओत ती दिवसभर पासपोर्टचे फोटो काढायची. मायलेकी शेजारी बसल्या की दोघींची हनुवटी एकच आहे हे तिला चटकन दिसायचं, आणि आपली कोणासारखी असेल, असं वाटायचं. तिला दत्तक घेणारे आईबाबा एकामागोमाग गेले होते. त्यांनी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं, मायेतही कसर ठेवली नव्हती. पण आता घरी वाट पाहणारं कोणी उरलं नव्हतं.

एका रविवारी तिने स्वतःचा फोटो फेसबुकवर टाकला. माझ्यासारखी दिसणारी, पन्नाशीची बाई कुठे पाहिलीत का, मी जन्मदात्या आईला शोधतेय, असं खाली लिहिलं. लोकांना कोण उमाळा आला! ज्याने त्याने ती पोस्ट पुढे ढकलली. मग कोणीतरी पोस्टखालीच एका बाईचा फोटो टाकला, भाजी घेताना तिच्या नकळत काढलेला. सोबत पत्ताही. चेहरा इतका मिळताजुळता की तिने पत्ता लगेच लिहून घेतला.

चारेक दिवसांनी धीर करून तिने त्या दाराची बेल वाजवली. बाईंनी तिला पोस्टमधल्या फोटोवरून ओळखलं. दार मागे ओढून घेत त्या जिन्यात आल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या. त्यांना एकच मूल, तो मुलगा. पण ती पोस्ट वाचून गेले काही दिवस अनोळखी माणसं बेल वाजवत होती. नवऱ्याने अबोला धरला होता. मुलगा म्हणत होता, आई, खरं काय ते एकदा सांगून टाक.

"मी तुमची आई नाही," त्या म्हणाल्या. "पण असते ना, तरी अशी चव्हाट्यावर आल्यावर तुम्हाला घरात घेऊ शकले नसते."

तिने हात जोडून माफी मागितली. या बाई माझी आई नव्हेत असं जाहीर लिहिलं, पोस्ट आणि फोटो काढून टाकले, आणि जिथून तिला दत्तक दिलं होतं ती संस्था तडक गाठली. तिथल्या समुपदेशक बाईंसमोर तिचा बांध फुटला. माझी आई कोण, हे विचारायचाही मला हक्क नाही का?

"आहे की," बाई म्हणाल्या. "पण ती गोष्ट तिचीही आहे. तिच्या घरी कोणाला काय ठाऊक आहे, तुला माहीत नाही. आम्ही तिला एकटीला गाठून विचारू. ती नाही म्हणाली, तर ते ऐकायची तयारी ठेव."

बऱ्याच महिन्यांनी समुपदेशक बाईंचा फोन आला. आई सापडली होती. खूप रडली होती. भेटायला मात्र तयार नव्हती, निदान आत्ता तरी. तिने एवढंच विचारलं होतं, मुलगी एकटी तर नाही ना?

"काय सांगू?" बाईंनी विचारलं.

रिकाम्या स्टुडिओत तिने कॅमेऱ्यासमोरचं स्टूल सरळ केलं. मग म्हणाली, "सांगा, बरी आहे. आणि म्हणावं, घाई नाही."

वाचकहो, आपलं मूळ शोधावंसं वाटण्यात काहीच गैर नाही. पण ज्या बाईने एक दुःख आयुष्यभर पोटात ठेवलं, तिला विचारल्याशिवाय ते चारचौघांत मांडायचा अधिकार ना तिच्या लेकीला आहे, ना फोटो पुढे पाठवणाऱ्या तुम्हाआम्हाला.