गरीब दिसण्याची तयारी

आता त्याला इंटर्नशिप म्हणतात. एक्क्याण्णव साली त्याला काही नावच नव्हतं. लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना फुकट राबायचं आणि वकीलसाहेबांनी चहा पाजलाच तर उपकार मानायचे, एवढंच. मी डोंबिवलीहून ठाण्याला यायचो आणि परशुराम वकिलांच्या हाताखाली गरिबांना दवाखान्यातले हक्क मिळवून द्यायचो. म्हणजे मिळवून देतो असं आम्ही म्हणायचो. तोवर एकालाही काही मिळालेलं नव्हतं.

कायदा मात्र मला तोंडपाठ होता. धर्मादाय हॉस्पिटलांनी दहातली एक खाट गरिबांसाठी फुकट राखायची. आमचं ज्या हॉस्पिटलशी वाकडं होतं, तिथे या खाटांवर ट्रस्टींचे व्याही, मेहुणे आणि मेहुण्यांचे भागीदार हवापालटाला आल्यासारखे लोळत असत. आजार विचारला तर अशक्तपणा सांगायचे आणि तेवढ्यात घरून शिऱ्याचा डबा यायचा.

अशात कोलशेतच्या दामाजी कोळ्याची केस आली. हर्नियात आतडं अडकलेलं. सरकारी दवाखान्यात भूल देणारा डॉक्टर रजेवर, आणि गावातला डॉक्टर म्हणाला की आजच्या आज कापलं नाही तर माणूस हातचा जाईल. मी त्याच्या बायकोला, आवडाबाईला, निरोप धाडला की नवऱ्याला घेऊन तडक या हॉस्पिटलात ये, खाट मी मिळवतो. वकीलसाहेब कोर्टात होते, त्यामुळे मला अडवणारं कोणी नव्हतं.

ती आली. मागे टेंपोत नवरा कण्हत पडलेला आणि ही पुढे, जरीचं लुगडं, गळ्यात ठुशी, मोहनमाळ, हातात जाडजूड पाटल्या, कानात कुड्या. मला घेरी यायची बाकी राहिली.

"हे काय घालून आलात?" मी तिला बाजूला घेतलं.

उत्तर तिच्या शेजारणीनं, मनुबाईनं दिलं. "सगल्या आलीचा हाय. अंगाव काय नसला त मोटा डाक्टर हात लावंल काय? आमी बोललू, आवडाबाय, तू भिकारनीसारखी जाव नको. जिच्याकर जा होता ता काढून दिला."

म्हणजे कायदा म्हणत होता की गरीब दिसा, आणि अख्ख्या आळीनं घटकाभरात तिला श्रीमंत करून पाठवलं होतं. हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीमागे कुंडलिक नावाचा क्लार्क होता. त्यानं आवडाबाईला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तो माझ्याकडे वळला.

"ही गरीब? मग मी कोण? अहो वकील, एक पाटली मोडा, दोन ऑपरेशनं होतील."

मी कलम म्हणून दाखवलं. तो कान कोरत होता.

मी आवडाबाईला म्हटलं, सांगून टाका की सोनं उसनं आहे. ती म्हणाली, "नाय. बायांनी इश्वासानं दिला, मी चार लोकांत त्यांचा नाव काढू?" मग निदान उतरवून तरी ठेवा, म्हटलं. तर माझ्यावर अशी उसळली की टेंपोवाला मागे सरला. "नवरा असा परलाय नि मी सोना उतरवू? बाई सोना कवा उतरवते, म्हाईत हाय का तुना?"

मला पुराव्याचा कायदा माहीत होता. बाकी काही माहीत असायची गरज मला वाटत नव्हती. आणि टेंपोतलं कण्हणं आता बारीक होत चाललं होतं. मी घाबरलो, आणि घाबरलो की मला अक्कल फुटते असा माझा समज होता.

मनुबाईला म्हटलं, "सोन्याच्या मालकिणींनाच घेऊन या. त्यांनी आपलं आपलं मागून घ्यायचं. हिला बोलायलाच नको." टेंपो कोलशेतला जाऊन आला. तोवर दामाजीला आम्ही खिडकीसमोर स्ट्रेचरवर आणून ठेवला होता, डोळे मिटलेला.

बाया रांगेत आत आल्या. "माजी ठुशी दे गो, पोरीला बघाला पावनं येतान." "माज्या पाटल्या दे." "मोहनमाल दे गो बाय." कुंडलिकचं तोंड उघडंच राहिलं. मी मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. काय पुरावा होता! उलटतपासणीत कोणी हलवू शकलं नसतं.

मग आवडाबाईच्या हातातून पाटली निघेना. दगडाबाई नावाची म्हातारी ती ओढत होती आणि ओढता ओढता रडायला लागली. ते पाहून बाकीच्या रडायला लागल्या. यातलं काही मी शिकवलेलं नव्हतं.

त्या आवाजानं दामाजीनं डोळे उघडले. बायकोभोवती आळीतल्या बाया, सगळ्या रडताहेत, कुणी तिच्या हातातलं ओढतंय, कुणी गळ्यातलं काढतंय. असं त्यानं कुणाकुणाच्या दारात पाहिलं होतं. तो कोपरावर उठला आणि हॉस्पिटल दणाणेल असा ओरडला.

"ए बायांनो! मी मेलू नाय अजून! जित्ता हाय मी!"

दगडाबाईच्या हातात पाटली तशीच राहिली. मला तेव्हा कळलं की बाई सोनं कधी उतरवते, आणि जमिनीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं.

आवडाबाई त्याच्याजवळ गेली. आता तिच्या गळ्यात एवढंसं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र राहिलं होतं. त्याचा हात धरून तिनं त्या मण्यांवर ठेवला. "ह्या हाय ना. ह्या कुनाचा नाय, तुजा हाय. हात लावून बघ."

त्यानं चाचपून पाहिलं आणि तो परत आडवा झाला.

कुंडलिक खिडकीमागून उठला. वॉर्डाच्या दारात एक अशक्त मेहुणा अर्धं सोललेलं मोसंबं घेऊन गंमत बघत उभा होता. कुंडलिक त्याला म्हणाला, "साहेब, खाट सोडा. पेशंट आलाय."