रोलर न पोहोचलेला कोपरा

मित्रांनो, मी एक जुना दगडी रोलर आहे. अंगाने गोल, आणि वजनाचा पुरेपूर गर्व असलेला! पाथरवटाने महिनाभर टाकी मारून मला घडवले. मग कित्येक वर्षे मी शाळेच्या मैदानावर फिरलो. "मैदान कसं आरशासारखं झालंय!" असे खेळाचे सर म्हणत आणि मी फुगून जाई. पुढे इंजिनवाला रोलर आला. मी कुंपणाशी पडून राहिलो. एका कुत्र्याखेरीज कोणी माझी दखल घेईना.

मला परत कामाला लावले ते माळीकाकांनी. शाळेमागच्या उघड्या जागेतली माती दर पावसात वाहून वर्गात शिरायची. तिथे त्यांना जमीन झाकणारा, शेंगा धरणारा वेल पसरवायचा होता. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावले होते, "यंदा हिरवं झालं नाही, तर मी सरळ सिमेंट ओतून घेणार." काकांच्या तोंडचे पाणीच पळाले.

काका मूळचे मैदानाचे माळी. जमीन तयार करायची म्हणजे रोलर हवाच, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले. बी पेरले की मला फिरवत. मीही जीव ओतून दाबत असे. रोपांना दोन पाने यायची आणि ती पिवळी पडून जायची. पुन्हा पेरले, पुन्हा तेच. काका बिचारे खतावर खत घालत राहिले.

एके सकाळी त्यांची थोरली बहीण आली. जन्मभर शेतात राबलेली ती. पाण्याच्या टाकीमागे डोकावून म्हणाली, "अरे, इथे तर वेल झकास आलाय! इथे काय केलंस?"

"काहीच नाही गं ताई. तिथे हा धोंडा वळतच नाही."

ताईने एक रोप उपटले. मुळांवर बारीक गाठी होत्या. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी. "बघ, या गाठींतून हा वेल आपलं खत आपणच बनवतो. बाकी जमिनीत मुळाला वाट नाही, हवा नाही, वर पाणी साचतंय. दाबून दाबून जीव घेतलास की रे त्याचा!"

म्हणजे गुन्हेगार मीच! धरणीने पोटात घ्यावे असे मला वाटले. पण मीच तिला इतके दाबले होते, की ती तरी कुठून जागा देणार?

भावाबहिणीने कुदळीने जमीन फोडली, कुजलेला पाला मिसळला, तशाच गाठी धराव्यात म्हणून त्या कोपऱ्यातली माती बियांना चोळली आणि पेरले. मला हातही लावला नाही. रिकामे बसण्यात एवढा आनंद असतो, हे मला तेव्हा कळले!

पावसाळा आला. वर्ग कोरडे राहिले. बाई खूश होऊन थेट वेलात शिरल्या, तशी ताई ओरडली, "अहो बाई, कडेनं या! माती दबतेय!" बाई मुकाट्याने कडेने आल्या. सिमेंटचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

मित्रांनो, पायाखालच्या मातीलाही श्वास लागतो, तेवढे जपा. आणि एक विनंती, मला आता इथून हलवू नका. वेल माझ्या अंगावर चढला आहे, आणि कालच त्याला पहिली शेंग धरली आहे.